चिंता, प्रार्थना आणि डॉक्टर: या वाटेवर नव्याने आलेल्या ख्रिस्ती भावाबहिणींसाठी

प्रभूमध्ये सलाम.

संध्याकाळची ठाणे फास्ट होती. कुर्ला सुटलं आणि माझ्या छातीत अचानक धडधड सुरू झाली. हातांना मुंग्या आल्या, घसा आवळल्यासारखा झाला आणि डोक्यात एकच विचार: मी आत्ता, इथे, या गर्दीत मरणार. समोरची बाई मटार सोलत बसली होती. तिने पिशवी बाजूला ठेवली, उठून मला आपल्या जागेवर बसवलं, पाण्याची बाटली उघडून हातात दिली आणि घाटकोपर येईपर्यंत माझा खांदा धरून उभी राहिली. मी तिला नावही विचारलं नाही.

ईसीजी नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "काही नाही, टेन्शन घेऊ नका." त्या रविवारी उपासनेनंतर एक वडीलजन म्हणाले, "विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढवा." या दोन वाक्यांच्या मधे माझं दीड वर्ष गेलं. एकाच्या मते मला काहीच झालं नव्हतं, दुसऱ्याच्या मते माझं चुकत होतं. तुमचं दीड वर्ष असं जाऊ नये, म्हणून मला जे उशिरा कळलं ते इथे क्रमाने लिहिते. मी डॉक्टर नाही, पाळकही नाही. या रांगेत उभी राहून आलेली एक बाई आहे.

१. काळजी आहे की आजार, हे आधी बघा

घराचा हप्ता, मुलाची दहावी, आईचं ऑपरेशन यांची काळजी वाटणं हा आजार नव्हे. प्रसंग सरला की ती ओसरते. आजारात तसं होत नाही. एक काळजी मिटली की मन दुसरी शोधून आणतं. साधारण सहा महिने, बहुतेक दिवस, आवर घालता येत नाही अशी चिंता आणि तिच्याबरोबर झोप उडणं, मान-खांदे आखडणं, चिडचिड, थकवा, कशात लक्ष न लागणं असं असेल, तर डॉक्टर तिला चिंतेचा विकार म्हणतात. गाडीत मला आला तो पॅनिक अटॅक. तो झपाट्याने चढतो, बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोचतो आणि मग उतरू लागतो. त्याने जीव जात नाही, पण त्या क्षणी हे कोणी कितीही सांगितलं तरी पटत नाही.

एक इशारा. छातीत पहिल्यांदाच दुखत असेल तर "पॅनिकच असेल" असं घरबसल्या ठरवू नका. आधी हृदय तपासून घ्या.

आणखी एक प्रकार आपल्या लोकांत दिसतो आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. मनात नको असताना देवनिंदेचे विचार येतात. एकच पाप दहादा कबूल केलं तरी "क्षमा झाली नसेल" असं वाटत राहतं. कॅथलिक मैत्रिणींमध्ये हे कुमसाराच्या रूपात दिसतं: कबुली देऊन बाहेर पडलं की पुन्हा आत जावंसं वाटतं. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर मठात असताना तासन्‌तास पापकबुली देत असे आणि तरी त्याला चैन पडत नसे. हा ओसीडीचा, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येऊन तीच तीच कृती करायला लावणाऱ्या आजाराचा, प्रकार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. असे विचार येतात म्हणून तुम्ही देवापासून दूर गेलात असं मुळीच समजू नका. ज्याला देवाची पर्वा नाही, त्याला हा त्रास सहसा होत नाही.

२. "चिंता करू नका" हे वचन आधीच्या ओळीपासून वाचा

आपल्याला सर्वांत जास्त ऐकवलं जातं ते फिलिप्पैकरांस पत्र ४:६. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका. मला ते इतक्यांदा ऐकवलं गेलं की पुढे पुढे ते वचन म्हणजे छडीच वाटायला लागलं. आज्ञा आहे, मी मोडते आहे, म्हणजे मी पापी आहे, असा माझा हिशोब होता.

मग एका पाळकसाहेबांनी माझ्यासमोर शास्त्र उघडलं आणि म्हणाले, "ताई, पाचव्या ओवीपासून वाचा." तिचा शेवट आहे: प्रभू समीप आहे. लगेच पुढे: चिंता करू नका. नव्या कराराला आजचे ओव्यांचे आकडे छापखान्याच्या काळात, १५५१ साली, पडले. हे पत्र प्रेषित पौलाने सलग लिहिलं होतं. प्रभू जवळ आहे, म्हणून चिंता करू नका. रात्री दचकून उठलेल्या लेकराला आई "घाबरू नको, मी आहे ना" म्हणते. त्यातलं "मी आहे ना" काढून टाकलं तर नुसतं "घाबरू नको" उरतं, आणि ते दरडावल्यासारखं लागतं. आम्हाला वर्षानुवर्षं ते वचन असं अर्धंच मिळालं होतं.

त्याच पत्रात आणखी मागे जा. पौल बंदिवासात आहे. त्याचा सहकारी एपफ्रदीत मरणाच्या दारातून परतलाय, आणि आपल्या आजाराची बातमी गावी पोचली म्हणून तो तिकडे कासावीस झालाय. पौल त्याला परत पाठवतो आणि लिहितो, म्हणजे माझंही दुःख कमी होईल. दुसऱ्या अध्यायात तो तीमथ्याची स्तुती करतो की याला तुमची खरी काळजी आहे. मूळ ग्रीकमध्ये तिथलं क्रियापद आणि चौथ्या अध्यायातलं "चिंता करणे" हे क्रियापद एकच आहे. म्हणजे माणसांविषयी जीव तुटणं याला पौल पाप म्हणत नाही. चिंता एकट्याने उराशी घेऊन बसू नका, ती देवाकडे न्या, असं त्याचं सांगणं आहे.

आणि एलीया. १ राजे १९ वाचा, पण सावकाश. कर्मेलवर एवढा मोठा विजय मिळवलेला संदेष्टा ईजबेल राणीच्या धमकीने पळतो, झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा प्राण घे. देव त्याला रागवत नाही, वचन पाठ करायला लावत नाही, उपास करायलाही सांगत नाही. देवदूत येतो, त्याला स्पर्श करतो आणि म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो: खा, नाहीतर वाट तुला झेपणार नाही. बोलणं होतं ते पुढे होरेब डोंगरावर, चाळीस दिवसांनी. आधी झोप, अन्न, पाणी. मला हा क्रम दाखवला गेला तेव्हा मी रडले होते.

गेथशेमानेची बाग तर तुम्हाला ठाऊकच आहे. "माझा जीव मरणप्राय अति खिन्न झाला आहे," असं आपला तारणारा स्वतः म्हणतो, आणि तीन शिष्यांना जागं राहायला सांगतो. त्यालाही त्या रात्री सोबत हवी होती.

३. झटका आला की त्या दहा मिनिटांत काय करायचं

हे आज घरी, बरं वाटत असताना, सरावाला घ्या. झटक्यात नवं काही शिकता येत नाही.

- श्वास आत घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. सोडणं लांब हवं. जोरजोरात श्वास घेतल्याने मुंग्या आणि चक्कर वाढते.
- श्वासाला स्तोत्र ५६:३ जोडा. आत घेताना "मला भीती वाटेल तेव्हा", सोडताना "मी तुझ्यावर भरवसा ठेवीन". या ओळीत भीती नाकारलेली नाही, म्हणून ती मला जवळची वाटते.
- डोळे उघडे ठेवा. दिसणाऱ्या पाच गोष्टी, हाताला लागणाऱ्या चार, ऐकू येणाऱ्या तीन मनात म्हणा. गाडीतला दांडा थंड आहे, पंख्याचा आवाज येतोय, पुढचं स्टेशन विक्रोळी.
- शक्य असेल तर पळू नका, झटका उतरेपर्यंत तिथेच थांबा. मी त्या दिवसानंतर दोन महिने फास्ट गाडी सोडली, मग गर्दीची स्लोही सोडली. दर वेळी टाळल्याने भीती मोठी होत गेली. शेवटी समुपदेशकाने मला भांडुप ते नाहूर, एकच स्टेशन, दुपारच्या रिकाम्या गाडीने जायला लावलं आणि तिथून हळूहळू वाढवत नेलं.

४. एका माणसाला सांगा, अख्ख्या मंडळीला नको

छप्पर उघडून पक्षाघाती माणसाला येशूपुढे उतरवणारे चौघे होते. तुम्हाला सुरुवातीला एक पुरे. बहीण, नवरा, जुनी मैत्रीण, पाळकसाहेबांच्या पत्नी, फादर, कोणीही चालेल. निवडताना एवढंच बघा की हा माणूस दुसऱ्यांची गुपितं तुम्हाला सांगतो का. सांगत असेल तर तुमचंही बाहेर जाईल.

महिला मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या नावाची प्रार्थना विनंती गेली, कारणासकट. पुढच्या रविवारी तीन जणींनी मला प्रसाद देतात तसा सल्ला दिला. त्यांचं प्रेम खरं होतं, पण मी महिनाभर उपासनेला गेले नाही. म्हणून आधीच स्पष्ट सांगा: "माझ्यासाठी प्रार्थना करा, नाव घ्या, कारण सांगू नका."

५. डॉक्टरकडे जा, आणि हे बरोबर न्या

आधी नेहमीच्या फॅमिली डॉक्टरकडे. थायरॉईड वाढलं असेल, हिमोग्लोबिन कमी असेल तरी अशीच धडधड होते. रक्त तपासून ते बाजूला काढता येतं.

मग मानसोपचारतज्ज्ञ. ते एमबीबीएस होऊन पुढे मानसोपचार शिकलेले असतात आणि औषध लिहू शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाहीत, ते बोलण्यातून उपचार करतात. त्यांची नोंदणी रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे असते, नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका. "ख्रिस्ती समुपदेशक" अशी पाटी कोणीही लावू शकतो. तिथे शिक्षण कुठे झालं हे विचारा. तो विश्वासणारा असेल तर आनंदच, पण शिकलेला असणं आधी. माझे डॉक्टर ख्रिस्ती नाहीत. पहिल्याच भेटीत मी त्यांना सांगितलं की प्रार्थना माझ्यासाठी महत्त्वाची आहे. त्यांनी ते कागदावर लिहून घेतलं आणि दर भेटीत विचारलं, "प्रार्थनेला बसता येतंय का आता?"

खासगी फी परवडत नसेल तर मुंबईत अडून राहू नका. परळचं केईएम, सायनचं लोकमान्य टिळक, मुंबई सेंट्रलचं नायर, जुहूचं कूपर ही महापालिकेची रुग्णालयं आणि भायखळ्याचं सरकारी जे. जे. या सगळ्यांत मानसोपचार विभाग आहे. बाह्यरुग्ण विभाग सकाळी असतो. लवकर पोचा, गर्दी असते, आणि पहिल्या भेटीत अर्धा दिवस जाईल असं धरूनच सुट्टी टाका.

बरोबर काय न्यायचं:

- आधार कार्ड, आणि मिळाल्यावर केसपेपर. तो हरवू नका, दर वेळी लागतो.
- जुने रिपोर्ट: ईसीजी, थायरॉईड, साखर, हिमोग्लोबिन.
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी, आयुर्वेदिक आणि होमिओपॅथीसुद्धा.
- एका कागदावर: त्रास कधी सुरू झाला, आठवड्यातून किती वेळा, झोप किती तास, घरात आणखी कोणाला होता का. आत गेल्यावर निम्मं विसरायला होतं.
- गर्भवती असाल, अंगावर पाजत असाल किंवा दारू घेत असाल तर तेही लिहा. लपवू नका.
- सोबत एक माणूस, पाणी आणि डबा.

मेडिक्लेम असेल तर तोही बघून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे विमा कंपनीला मानसिक आजारासाठी शारीरिक आजारासारखीच सोय ठेवावी लागते. तुमची माहिती गुप्त राहण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे.

घरातून बाहेर पडवतच नसेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर लावा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

६. गोळ्यांबद्दल खरं काय ते

चिंतेसाठी नेहमी देतात त्या गोळ्यांचा गुण दोन ते सहा आठवड्यांनी दिसतो. पहिल्या काही दिवसांत मळमळ होते, कधी बेचैनी उलट थोडी वाढते. इथेच पुष्कळ जण सोडून देतात. सोडू नका, डॉक्टरांना फोन करा. बरं वाटू लागल्यावरही काही महिने त्या चालू ठेवाव्या लागतात, आणि बंद करायच्या तर डॉक्टर सांगतील तशा हळूहळू. झोपेच्या आणि लगेच शांत करणाऱ्या गोळ्या वेगळ्या. त्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्याच दिवसांसाठी असतात. शेजारणीच्या डब्यातली गोळी कधीही घेऊ नका.

मी एकदा चूक केली. एका प्रार्थनासभेत मंचावरून सांगितलं गेलं की ज्याला आरोग्य मिळालंय त्याने विश्वासाने गोळ्या टाकून द्याव्यात. मी घरी येऊन पाकीट कचऱ्यात टाकलं. चौथ्या दिवशी चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखं, आणि मग आधीपेक्षा वाईट रात्री. साक्ष देण्याची मला घाई झाली होती. पौलाने लूकला "प्रिय वैद्य" म्हटलंय, आणि तीमथ्याला पोटाच्या दुखण्यासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलंय. शुभवर्तमान लिहिणारा माणूस वैद्य होता, एवढं आपल्याला पुरेसं असायला हवं.

७. रोजची प्रार्थना, वही घेऊन

"सतत प्रार्थना कर" असं सांगतात, पण चिंताग्रस्त माणूस डोळे मिटून बसला की प्रार्थनेच्या नावाखाली चिंताच उगाळतो. माझं तसंच व्हायचं. समुपदेशकाने आणि पाळकसाहेबांनी मिळून मला शंभर पानी वही धरायला लावली.

संध्याकाळी एक ठरावीक वेळ, अर्धा तास, झोपायच्या अगदी आधी नको. पानाच्या मधे रेघ. डावीकडे माझ्या हातातलं: "फी, १५ तारखेपर्यंत. उद्या शाळेत फोन." उजवीकडे माझ्या हातात नसलेलं: "बाबांचा रिपोर्ट काय येईल." डावीकडच्या प्रत्येक ओळीसमोर एक काम. उजवीकडचं मोठ्याने वाचायचं, एकेका ओळीवर बोट ठेवून: प्रभू, हे तुझ्याकडे. मग वही बंद करून कपाटात. रात्री दोनला तेच पुन्हा आठवलं की स्वतःला सांगायचं, ते वहीत आहे, उद्या साडेसातला बघू. "ज्या दिवसाचे दुःख त्या दिवसाला पुरे" हे मला असं हाताने शिकावं लागलं.

शेवटी आभाराची एक ओळ, पण खरी. "सर्व कृपांसाठी" असं लिहू नका. "आज खिडकीजवळ जागा मिळाली" असं लिहा.

स्तुतीची गीतं म्हणवत नसतील त्या दिवशी विलापाची स्तोत्रं वाचा. १३वं "किती वेळ?" असं चार वेळा विचारतं. ५५व्यात कापरं भरणं, हृदय आत पिळवटणं सगळं आहे. ८८वं अंधारातच संपतं, त्याला गोड शेवट नाही, आणि तरीही ते शास्त्रात आहे.

८. सापळे

"दुष्टात्मा आहे" म्हणून कोणी पैसे मागत असेल, कोंडत, मारत किंवा औषध बंद करायला लावत असेल तर तिथून उठा आणि पुन्हा जाऊ नका. औषध चालू असताना निर्जळ उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका. टीव्हीचा किंवा मोबाईलचा उपासही उपासच आहे. दुसऱ्याची साक्ष ऐकून आपली तुलना करू नका, त्या बहिणीच्या दीड वर्षातली पाच मिनिटंच तुम्हाला ऐकवलेली असतात. दिवसभरात सहा कप चहा होत असेल तर तीनवर आणा, छातीतल्या धडधडीमध्ये फरक पडतो. आणि रविवार खरंच विश्रांतीचा ठेवा. सकाळी उपासना, दुपारी कमिटी, संध्याकाळी कॉटेज मीटिंग, यात शब्बाथ कुठे राहिला?

जगणं नको वाटत असेल, मरणाचे विचार येत असतील, तर वही, वाचन, थांबणं काही नाही. त्याच क्षणी जवळच्या माणसाला सांगा, एकटे राहू नका, १४४१६ लावा किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा. एलीयानेही हेच शब्द उच्चारले होते. ते देवाला सांगून तो जिवंत राहिला. तुम्हीही सांगा.

९. तुमच्यापाशी कोणी आलं तर

बरं वाटू लागलं की तुमच्याकडे लोक येतील. कसं कळतं कोण जाणे, पण येतात. ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले. ते बोलायला लागले आणि बिघडलं. म्हणून वचन सांगण्याआधी चहा विचारा, आणि "डॉक्टरकडे जा" म्हणण्याऐवजी "मी येते बरोबर" म्हणा.

आमच्या कॉयरमधली एक मुलगी मला मागच्या महिन्यात जिन्यात अडवून म्हणाली, "काकू, मला गाडीत कसंतरी होतं." ती दोन आठवडे ऑफिसला गेली नव्हती. मंगळवारी आम्ही परळला गेलो. तिने कागद लिहून आणला होता, मी डबा नेला होता. बाकावर बसलो तेव्हा आमचा नंबर एकेचाळीस होता आणि आत बारावा चालू होता. तिचे हात थंड पडले होते. मी तिचा हात धरला आणि आम्ही दोघी मिळून मोजायला लागलो, आत चार, बाहेर सहा.